ब्लॉकनंतरचे पहिले काही तास

पेरिफेरल नर्व्ह ब्लॉक म्हणजे मेंदू-मज्जारज्जूच्या बाहेरच्या एखाद्या मज्जातंतूजवळ बधिर करणारे औषध टोचून वेदनेचा संदेश अडवणे. तो कसा देतात आणि त्यात कोणते धोके संभवतात, हे संमतिपत्रावर सही घेण्यापूर्वी रुग्णाला बहुधा सांगितले जाते. इंजेक्शन घेऊन बाहेर पडल्यावर त्याने स्वतः काय करायचे, हे मात्र क्वचितच कुणी सांगते. ‘आज आराम करा, गाडी चालवू नका, दुखलं तर गोळी घ्या’ एवढ्यावर बोळवण होते. खांद्याच्या जुनाट दुखण्यासाठी मी हा उपचार एकाहून अधिक वेळा घेतला आहे आणि त्यातला सर्वांत मोलाचा भाग सुईनंतरच्या त्या पहिल्या काही तासांत असतो, असे माझे ठाम मत झाले आहे. त्या वेळात दुखणे किती उतरले, कुठले उतरले आणि कुठले जागचे हलले नाही, याची नोंद जो ठेवतो त्याला पुढचे निर्णय घेताना आधार मिळतो. जो ते तास झोपून काढतो त्याच्या हाती ‘जरा बरं वाटलं’ किंवा ‘काही उपयोग झाला नाही’ एवढेच उरते.

माझे दुखणे थोडक्यात सांगते, कारण पुढचे बरेचसे त्यावर बेतलेले आहे. पडल्यामुळे उजव्या खांद्याच्या रोटेटर कफमधला, म्हणजे दंडाच्या हाडाचा गोळा खोबणीत धरून ठेवणाऱ्या स्नायूंच्या वेढ्यातला, एक कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) फाटला. तो दुर्बिणीतून शिवण्यात आला आणि यथावकाश एमआरआयमध्ये शिवण नीट जुळून आल्याचेही दिसले. तपासणाऱ्यांच्या दृष्टीने खांदा बरा झाला होता. मला मात्र रात्री त्या कुशीवर वळता येत नव्हते, वरच्या फळीवरची वस्तू काढताना खांद्याच्या मागच्या बाजूने निघालेली कळ थेट दंडापर्यंत उतरत होती आणि एरवी दिवसभर एक बारीक ठणका चालूच असे. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या किंवा पुन्हा पुन्हा उद्भवणाऱ्या वेदनेला दीर्घकालीन वेदना म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात अशा वेदनेला स्वतंत्र स्थान मिळाले असून शस्त्रक्रियेनंतर मागे राहिलेली वेदना हा त्यातला एक निराळा प्रकार आहे. वर्गीकरणात नाव असणे ही लहान गोष्ट नव्हे. ‘रिपोर्ट तर नॉर्मल आहेत’ या वाक्यानंतर होणारी कुचंबणा ज्यांनी सोसली आहे, त्यांना मी काय म्हणते ते कळेल.

वेदना आणि इजा यांचे नाते आपण समजतो तेवढे सरळ नसते. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली आपली व्याख्या सुधारली. तिच्यानुसार वेदना हा शरीराच्या आणि भावनेच्या पातळीवरचा असा त्रासदायक अनुभव आहे, जो प्रत्यक्ष वा संभाव्य इजेशी निगडित असतो किंवा तशा इजेतून येणाऱ्या अनुभवासारखा असतो. म्हणजे इजा दाखवता आली नाही तरी वेदना खरीच असते. याची शरीरशास्त्रीय बाजूही आता बरीच उलगडली आहे. एखाद्या ठिकाणाहून वेदनेचे संदेश सतत येत राहिले, तर मज्जारज्जूतल्या पेशी अधिकाधिक संवेदनशील होत जातात, मग साध्या स्पर्शानेही दुखते आणि दुखण्याचा परीघ मूळ जागेच्या पलीकडे पसरतो. क्लिफर्ड वुल्फ यांनी १९८३ मध्ये हे प्रयोगातून दाखवले. त्याआधी १९६५ मध्ये रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशांना वाट देणारे किंवा अडवणारे एक फाटक असते, असा सिद्धान्त मांडला होता. त्याच्या तपशिलात पुढे पुष्कळ दुरुस्त्या झाल्या, पण मेंदूपर्यंत पोहोचणारी वेदना वाटेतच कमीजास्त होऊ शकते, हा त्याचा गाभा टिकून आहे. नर्व्ह ब्लॉकचा विचार करताना हे दोन्ही ध्यानात ठेवावे लागते, कारण ब्लॉक फक्त बाहेरून येणारा संदेश थांबवतो. मज्जारज्जूत आणि मेंदूत जे बदल झालेले असतात त्यांच्यापर्यंत सुई पोहोचत नाही.

मुळात हे औषध करते काय? मज्जातंतूतून संदेश पुढे सरकतो तो सोडियमचे कण तंतूच्या आवरणातल्या सूक्ष्म मार्गिकांतून आत शिरल्यामुळे. लिग्नोकेन, ब्युपिव्हाकेन, रोपिव्हाकेन ही औषधे आवरण पार करून आत जातात आणि आतल्या बाजूने त्या मार्गिका बंद करतात, त्यामुळे संदेश तिथेच विझतो. रक्तप्रवाह हळूहळू औषध वाहून नेतो, मार्गिका मोकळ्या होतात आणि संदेश पुन्हा सुरू होतो. लिग्नोकेनचा परिणाम काही मिनिटांत सुरू होऊन साधारण एक ते तीन तास राहतो; ब्युपिव्हाकेन उशिरा चढते, पण सहा-आठ तास, कधी त्याहूनही पुष्कळ जास्त टिकते. हे आकडे रुग्णाने माहीत करून घ्यावेत असे मला वाटते. का, ते पुढे येईलच.

या तंत्राचा इतिहास फारसा सोवळा नाही. १८८४ मध्ये व्हिएन्नात कार्ल कोलर या तरुण डॉक्टराने कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर होतो हे दाखवून दिले आणि त्यानंतर लवकरच न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॉलस्टेड व त्यांचे सहकारी मज्जातंतूंभोवती कोकेन टोचून हातपाय बधिर करू लागले. हे प्रयोग त्यांनी एकमेकांवरही केले. हॉलस्टेड कोकेनच्या आहारी गेले आणि ते सोडवण्याच्या खटपटीत पुढे मॉर्फिनच्या. व्यसन न लावणारी औषधे नंतर आली. लिग्नोकेन १९४३ मध्ये स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन आणि बेंग्ट लुंडक्विस्ट यांनी तयार केले. वेदनेवरच्या उपचारांचा इतिहास वाचताना एक गोष्ट सतत जाणवते, की आराम आणि आहारी जाणे यांच्यातली सीमारेषा प्रत्येक पिढीला नव्याने आखावी लागली आहे.

माझ्या बाबतीत ज्या मज्जातंतूचा ब्लॉक ठरला त्याचे नाव सुप्रास्कॅप्युलर. मानेतल्या पाचव्या आणि सहाव्या मज्जातंतुमुळांपासून निघून तो खवाट्याच्या वरच्या कडेला असलेल्या एका खाचेतून, ताणलेल्या अस्थिबंधाच्या खालून, खवाट्याच्या मागच्या बाजूला उतरतो. रोटेटर कफच्या चारपैकी दोन स्नायूंना तो हालचालीचे आदेश पोहोचवतो आणि खांद्याच्या सांध्यातली बरीचशी संवेदना, सामान्यतः सुमारे ७० टक्के सांगितली जाते, त्याच्यामार्फत वर जाते. या मज्जातंतूचा ब्लॉक १९४१ मध्येच वर्णिला गेला होता. आता फरक एवढाच की तेव्हा हाडाच्या खुणांवरून अंदाजाने सुई घालत आणि आज सोनोग्राफीच्या पडद्यावर तिचे टोक पाहत घालतात. फरक ‘एवढाच’ असला तरी तो मोठा आहे, कारण खवाट्याच्या पुढच्या बाजूला फुप्फुस आहे आणि अंदाज चुकण्यासारखी ती जागा नाही.

प्रत्यक्ष कृती थोडक्यात आटोपते. बसवून, उजवा हात डाव्या खांद्यावर ठेवायला सांगतात, म्हणजे खवाटा पुढे सरकून जागा मोकळी होते. पाठीवर जंतुनाशकाचा गार हात फिरतो, खवाट्याच्या उंचवट्यावर सोनोग्राफीचा प्रोब टेकतो. पडद्यावर मला फक्त राखाडी पट्टे दिसत होते. भूलतज्ज्ञांनी सांगितल्यावर स्नायूखालची हाडाची पांढरी रेघ आणि त्या रेघेतला खळगा ओळखता आला. सुई तिरपी, चकचकीत रेषेसारखी उतरली, आणि औषध सोडताच त्या खळग्यात एक काळा डबका पसरत गेला. कातडी बधिर करताना जे टोचले तेवढेच दुखणे. नंतर फक्त आतून दाब जाणवला. या कृतीत रुग्णाला शक्यतो जागे ठेवतात त्यालाही कारण आहे. सुईचे टोक मज्जातंतूत घुसू लागले तर हातातून विजेसारखी सणक जाते, आणि ती सणक जागा माणूसच सांगू शकतो. तशी सणक आली तर संकोच न करता लगेच बोलावे. निमूटपणे सोसून दाखवण्याची ही वेळ नव्हे.

यानंतर जे होते, किंवा होत नाही, त्याने अनेकजण गोंधळतात. दात काढताना ओठ जसा जड आणि परका होतो तसे काहीतरी खांद्याचे होईल, अशी अपेक्षा असते. सुप्रास्कॅप्युलर मज्जातंतू बहुतेकांमध्ये कातडीला संवेदना पुरवत नाही, त्यामुळे वरून चिमटा काढला तर पूर्वीइतकाच लागतो आणि ‘औषध चढलंच नाही’ असे वाटते. ब्लॉक लागू पडल्याची खूण हालचालीत सापडते: कोपर बरगडीला टेकवून पंजा बाहेरच्या बाजूला फिरवायला गेले की जोर येत नाही, आणि हात बाजूने उचलायला सुरुवात करणे जड जाते. दुसऱ्या मज्जातंतूंची गोष्ट वेगळी असते. मांडीच्या बाहेरच्या बाजूची आग होते तेव्हा ज्या मज्जातंतूचा ब्लॉक देतात तो निव्वळ कातडीचा असल्यामुळे तिथे मोठा चकता बधिर होतो आणि पायाचा जोर मात्र शाबूत राहतो. म्हणून आपल्या ब्लॉकने काय बधिर व्हायला हवे आणि कशाचा जोर जायला हवा, हे टेबलावरून उतरण्यापूर्वी विचारून घ्यावे. त्या उत्तराशिवाय पुढची नोंद अर्धवट राहते.

नोंद म्हणजे काही मोठी विद्वत्ता नाही. मी इंजेक्शनपूर्वी, खोलीबाहेर बसले असतानाच, मला हमखास दुखवणाऱ्या मोजक्या हालचाली ठरवून घेतल्या: पाठीमागे हात नेऊन कमरेच्या पट्ट्याला लावणे, केस विंचरायला हात डोक्यामागे नेणे, भिंतीवर बोटे चढवत नेणे, आणि त्या कुशीवर काही क्षण आडवे होणे. प्रत्येकीला शून्य ते दहा यांपैकी एक आकडा दिला. शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही आणि दहा म्हणजे कल्पनेतली सर्वांत वाईट वेदना. इंजेक्शननंतर अर्ध्या तासाने, मग झोपेपर्यंत दर तासाला त्याच हालचाली हलक्या हाताने करून आकडे लिहिले, आणि आकड्याशेजारी जागाही लिहिली. जागा लिहिणे हे आकड्यापेक्षा महत्त्वाचे ठरले. पाठीमागे हात नेताना खांद्याच्या मागच्या बाजूची कळ सातावरून एकावर आली होती, कुशीवर आडवे होणे कित्येक महिन्यांत प्रथमच जमत होते. पण खांद्याच्या पुढच्या बाजूला, दंडाच्या वरच्या टोकाशी, बोट दाबल्यावर जे दुखे ते होते तसेच राहिले. एरवी ही दोन दुखणी माझ्या लेखी एकच होती. मागची बाजू शांत झाल्यामुळे पुढची वेगळी ऐकू आली.

हालचाली करताना एक पथ्य मात्र पाळावे लागते. बधिर सांधा धोक्याची सूचना देत नाही, म्हणून त्या दिवशी वजन उचलणे, झटका देणे, ताणून पाहणे हे सगळे वर्ज्य. गुडघ्याच्या किंवा पायाच्या ब्लॉकनंतर तर पायातला जोर गेला नाही ना हे कुणाच्या तरी आधाराने तपासल्याशिवाय जिना उतरू नये. अशा वेळी पडून नवे दुखणे ओढवून घेणारे रुग्ण डॉक्टरांनी पुष्कळ पाहिलेले असतात.

आता या आकड्यांचा अर्थ कसा लावायचा? पहिला प्रश्न वेळेचा. लिग्नोकेन दिले असेल तर आराम दोन-तीन तासांत ओसरायला हवा, ब्युपिव्हाकेन दिले असेल तर बराच लांबायला हवा. औषधाचा काळ आणि आरामाचा काळ जुळला, तर हे दुखणे त्या मज्जातंतूच्या वाटेने येत होते या म्हणण्याला बळ मिळते. मानेच्या आणि कमरेच्या मणक्यांमधल्या सांध्यांच्या बाबतीत तर दोन वेगवेगळ्या दिवशी दोन वेगळ्या मुदतीची औषधे देऊन हा मेळ मुद्दाम ताडून पाहण्याची पद्धत आहे, कारण एकाच ब्लॉकवर विसंबले तर फसगत होऊ शकते. इंजेक्शन मिळाले या भावनेनेच काही काळ बरे वाटू शकते. औषध शेजारच्या भागात पसरून भलत्याच जागेचे दुखणे थांबू शकते. शिवाय त्या दिवशी माणूस एरवीपेक्षा कमी काम करतो हेही आहेच. उलट, बधिरतेच्या सगळ्या खुणा दिसूनही आराम शून्य असेल, तर तोही निकालच आहे आणि माझ्या मते आराम मिळण्याइतकाच उपयोगी आहे. मग त्याच मज्जातंतूवर पुन्हा पुन्हा सुई चालवण्याला अर्थ उरत नाही. दुखणे दुसऱ्या वाटेने येत आहे किंवा मज्जारज्जूच्या पातळीवर रुजले आहे, असा विचार सुरू व्हायला हवा.

रात्री औषध उतरते आणि दुखणे परत येते, काहींना तर नेहमीपेक्षा जोरात. सर्वांत मोठी निराशा इथेच पदरी पडते. ब्लॉकमध्ये बधिर करणाऱ्या औषधाबरोबर बहुधा थोडे स्टिरॉइड असते आणि त्याचा परिणाम जाणवायला दोन-तीन दिवस, कधी त्याहून अधिक लागतात. त्यामुळे पहिल्या दिवशी सुख, मग सुईच्या जागेचे दुखरेपण आणि जुने दुखणे दोन्ही एकत्र, आणि नंतर हळूहळू उतार, असा साधारण क्रम असतो. हे आधी माहीत असले तर मधल्या दिवसांत ‘सगळं वाया गेलं’ असे वाटत नाही. मधुमेह असलेल्यांनी या काळात रक्तातली साखर जास्त वेळा तपासावी, कारण स्टिरॉइडमुळे ती काही दिवस वाढलेली राहू शकते. चेहरा लाल होणे, एखादी रात्र झोप न लागणे हेही घडते.

उतार किती काळ टिकतो? खांद्याच्या सांध्याच्या झिजेने किंवा संधिवाताने त्रस्त ८३ जणांवर केलेली एक ऑस्ट्रेलियन चाचणी २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत ब्युपिव्हाकेन आणि स्टिरॉइड यांचा सुप्रास्कॅप्युलर ब्लॉक मिळालेल्यांना नुसत्या मिठाच्या पाण्याच्या तुलनेत बाराव्या आठवड्यापर्यंत फरक जाणवला. बधिर करणारे औषध काही तासांत निघून जाते, तरी आराम आठवडे का टिकतो, याबद्दल अनेक तर्क मांडले जातात: स्टिरॉइड सूज कमी करते, संदेशांचा मारा थांबल्यामुळे मज्जारज्जूला उसंत मिळते, आणि न दुखता हालचाल करता आल्यामुळे आखडलेला सांधा मोकळा होतो. यातल्या तिसऱ्या कारणावर आपला स्वतःचा ताबा चालतो, म्हणून मी त्याच्यामागे लागले.

फिजिओथेरपिस्टची वेळ ब्लॉकच्या दिवशीच मागून ठेवावी, हा माझा आग्रह आहे. बधिरपणा पूर्ण उतरल्यावर आणि सुईचे दुखरेपण ओसरल्यावर लगेच व्यायाम सुरू झाला पाहिजे. कमी दुखण्याचे आठवडे नुसते आनंदात घालवले तर स्नायू होते तिथेच राहतात. पुढे वाकून हात लंबकासारखा झुलवणे, काठीच्या आधाराने पंजा बाहेर फिरवणे, खवाटे मागे ओढून धरणे असे साधेच व्यायाम होते. अवघड होते ते मात्रा सांभाळणे. दीर्घकाळ दुखत असलेल्या माणसाला एक चांगला दिवस मिळाला की तुंबलेली सगळी कामे त्याच दिवशी उरकण्याची हाव सुटते, दुसऱ्या दिवशी अंथरूण धरावे लागते, आणि त्या धसक्याने पुढचे कित्येक दिवस हात हलवायचीच भीती बसते. हे चक्र वेदनाव्यवस्थापन शिकवणारे सगळेच सांगतात. त्यावरचा उपाय कंटाळवाणा आहे: वाईट दिवशीही जेवढे जमेल तेवढेच काम चांगल्या दिवशी करायचे आणि ते आठवड्यागणिक किंचित वाढवत न्यायचे. दुखू लागण्याची वाट पाहायची नाही, ठरलेली वेळ झाली की थांबायचे. माझ्यासारख्या अर्धवट काम टाकून उठणे न जमणाऱ्या माणसाला सुईपेक्षा हेच जास्त टोचले.

औषधांबद्दल फार लिहीत नाही, कारण ती व्यक्तीगणिक बदलतात. सूज कमी करणाऱ्या नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या दीर्घकाळ घेतल्या तर पोट आणि मूत्रपिंड यांना त्रास होऊ शकतो, आणि मज्जातंतूंच्या वेदनेवर त्या फारशा लागू पडत नाहीत. तिथे गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन, ड्युलोक्सेटिन, अमिट्रिप्टिलिन ही औषधे वापरतात. यातल्या शेवटच्या दोन नैराश्यावरही दिल्या जातात, म्हणून चिठ्ठीवर त्यांचे नाव वाचून ‘म्हणजे यांना माझं दुखणं मनाचं वाटतं’ असा ग्रह करून घेणारे पुष्कळ असतात. तो ग्रह बरोबर नाही: मेंदूकडून मज्जारज्जूकडे उतरून वेदना दाबणारी जी यंत्रणा आहे, तिला ही औषधे बळ देतात. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेने एप्रिल २०२१ मध्ये, ज्या दीर्घकालीन वेदनेमागे दुसरा आजार सापडत नाही तिच्याबाबत, पॅरासिटामॉल, सूज कमी करणाऱ्या गोळ्या, अफूवर्गीय औषधे यांची सुरुवातच करू नये, त्याऐवजी व्यायाम, मानसोपचाराच्या ठराविक पद्धती आणि काही नैराश्यविरोधी औषधे यांचा विचार करावा, असे सुचवले. त्यावर वादही झाला. माझे दुखणे त्या वर्गात बसत नाही, पण अंगभर पसरलेल्या, जागा बदलत राहणाऱ्या वेदनेवर कुणी ब्लॉकमागून ब्लॉक सुचवत असेल, तर रुग्णाने थांबून विचारावे असे मला वाटते. ज्या दुखण्याला एका मज्जातंतूचा पत्ता नाही, त्याच्यावर एका मज्जातंतूचा उपाय चालण्याची शक्यता कमीच.

जिथे पत्ता ठाऊक असतो, तिथे मात्र या तंत्राची व्याप्ती मोठी आहे. डोक्याच्या मागच्या बाजूने उठणाऱ्या कळांसाठी आणि काही प्रकारच्या डोकेदुखीसाठी ऑक्सिपिटल, हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर जांघेत राहिलेल्या दुखण्यासाठी इलिओइंग्वायनल, बरगड्यांच्या दुखण्यासाठी इंटरकोस्टल, आणि झिजलेल्या गुडघ्यासाठी जेनिक्युलर मज्जातंतूंचे ब्लॉक देतात. जेनिक्युलर शाखांच्या बाबतीत चाचणी-ब्लॉकने चांगला आराम मिळाला, तर पुढे रेडिओफ्रिक्वेन्सीने, म्हणजे सुईच्या टोकातून सोडलेल्या विद्युतप्रवाहाने, साधारण ८० अंश सेल्सिअस उष्णता देऊन त्या शाखा निकामी करता येतात; शाखा पुन्हा वाढतात, म्हणून तो आरामही कायमचा नसतो. सुप्रास्कॅप्युलरमध्ये स्नायूंना आदेश देणारे तंतू असल्यामुळे तिथे जाळण्याऐवजी ४२ अंशांच्या वर न जाणारी, ठोक्याठोक्याने दिलेली रेडिओफ्रिक्वेन्सी सहसा पसंत केली जाते.

धोक्यांबद्दल दोन गोष्टी ठळकपणे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ते आधीच सांगावे, पण त्या आपल्या मनाने बंद करू नयेत; बंद करायच्या की नाही हे ब्लॉकच्या जागेवर आणि गोळ्या कशासाठी चालू आहेत त्यावर अवलंबून असते, आणि परस्पर बंद केल्याने होणारी गुठळी खांद्याच्या दुखण्यापेक्षा कितीतरी महागात पडू शकते. दुसरी गोष्ट, औषध चुकून रक्तवाहिनीत गेले किंवा फार झाले, तर तोंडात धातूची चव येणे, ओठांभोवती मुंग्या, कानात गुंजन ही पहिली लक्षणे असतात आणि वेळीच लक्ष दिले नाही तर झटके येऊन हृदयाची लय बिघडू शकते. हे क्वचित घडते, आणि त्यावर २० टक्के लिपिड इमल्शन (स्निग्ध पदार्थाचे दुधट द्रावण) शिरेतून देण्याचा उपाय आहे. ते हाताशी आहे का, असे मी विचारले होते. भूलतज्ज्ञांनी न चिडता कपाट उघडून बाटली दाखवली, आणि पुढच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरे मला जास्त विश्वासाने ऐकता आली. घरी आल्यावर धाप लागणे, छातीत टोचणे, ताप, वाढती सूज किंवा दिवस उलटूनही न परतणारा जोर यांपैकी काही दिसले तर वाट न पाहता रुग्णालयात जावे.

नंतरच्या एका ब्लॉकच्या वेळची नोंद पहिल्याशेजारी ठेवली तेव्हा चित्र स्पष्ट झाले. खांद्याच्या मागच्या बाजूचे दुखणे दोन्ही वेळा उतरले होते, आणि व्यायामामुळे त्याची सुरुवातीची पातळीच खाली आली होती. पुढच्या बाजूचे मात्र दोन्ही वेळा जसेच्या तसे. मी पुन्हा ब्लॉक मागायला गेले होते, पण वही वाचून भूलतज्ज्ञांनी सुई हातात घेण्याऐवजी सोनोग्राफीचा प्रोब खांद्याच्या पुढच्या बाजूला टेकवला. दंडाच्या पुढच्या स्नायूचा, बायसेप्सचा, कंडरा जिथे खाचेतून जातो तिथे त्याच्याभोवती पाणी साचलेले दिसले. आता उपचार त्या कंडराचे चालू आहेत. सुप्रास्कॅप्युलर ब्लॉक तूर्त बंद ठेवला आहे, आणि खवाट्याचे व्यायाम रोज ठरल्या वेळेला सुरू होतात आणि ठरल्या वेळेला थांबतात.